शेऱ्याचा रकाना

पानामागे अकरा क्रोनर मिळतात मला.
ट्रॉम्सोच्या कचेरीत, खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर
दीपगृहाच्या जुन्या वह्या मी संगणकात भरते.
रोजच्या तीन नोंदी : सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात.
वारा, ढग, लाटा, पारा,
आणि शेवटी एक रुंद रकाना, शेऱ्याचा.

थोराल्फ नावाच्या माणसाचं हे अक्षर.
पहिला आठवडा मी त्याला नुसत्या शिव्या घातल्या.
त्याचा एक सातासारखा, सात एकासारखा,
एन आणि यू तर जुळी भावंडं,
कोण रडतंय ते आईलाच कळावं.

मग कळायला लागलं.
सकाळची नोंद उभ्या उभ्या केलेली,
दुपारची ऐसपैस, जेवून बसलेली.
जानेवारीत शाई गोठते, तो पेन्सिल घेतो,
टोक सुरीनं काढतो :
रेघ आधी सुईसारखी, तीन दिवसांत बोथट.

एका मार्चमध्ये नऊ दिवस हात वेगळा.
बारीक, ताठ, सातांना कंबरेत पट्टा बांधलेला.
तो आजारी असणार. ही बायको असणार.
दहाव्या दिवशी तो परत येतो, लटपटत,
आणि तिचा पट्टा घेऊन येतो.
तिथून पुढे त्याचे सगळे सात तिच्यासारखे.

पडद्यावर काय, सगळे सात सारखेच.

तक्रार नाही हं.
परवा ओड्विननं विचारलं, धुक्याचे दिवस किती?
मी एक शब्द टाकला, आणि पापणी लवायच्या आत
दोन हजार एकशे चार धुकी
रांगेत उभी राहिली, तारीखवार.
थोराल्फला हे जन्मात जमलं नसतं.
त्याला एका वेळी एकच धुकं दिसायचं,
तेही आतून.

शेऱ्याला मला चाळीस अक्षरं आहेत, मोकळ्या जागा धरून.
'गाय व्याली. कालवड. कपाळ पांढरं.'
बसलं.
'मार्गिटचं पत्र आलं नाही, पण बोटच आली नाही, तेव्हा'
तेव्हाच्या आधीच चौकट लाल होते.
तेव्हा काय, ते वहीत राहतं.

रात्री मुलाला लिहिते.
रागावलायस का? पुसते.
बाबांसारखा वागू नकोस. भरभर पुसते.
तुझ्या खोलीतला हीटर दुरुस्त केला. पाठवते.
त्याला तिकडे एवढंच दिसत असेल :
आई लिहितेय, थांबलीय, लिहितेय.
एवढा वेळ हीटरला?
असं तो विचारत नाही. अंगठा धाडतो.

आज अठरावी वही. नोव्हेंबर.
सहा तारखेचा शेरा : सिग्वाल्टची होडी गेली, चौघं.
सात तारीख, सकाळी : वायव्य, दहा.
दुपारी : नोंद नाही.
संध्याकाळी, वाऱ्याच्या रकान्यात : शांत.

ते खोडलंय.
एका रेघेनं नाही. गिरवून गिरवून, कागद सोलेस्तोवर.
आणि शेजारी, सावकाश, शाळेतल्या वळणात :
वारा नाही.

आम्हाला दोन्हींचा आकडा एकच शिकवलाय, शून्य.
शून्य दाबलं.
शेऱ्याचा रकाना त्यानं कोरा सोडलाय.
यंत्र विचारतं, रिकामाच ठेवायचा का?
हो.
पुन्हा विचारतं, नक्की?

मी पान उलटून पाठीवरून बोट फिरवलं.
वळ उठलाय. इतक्या वर्षांनी टोचतो.
कुणी बघत नव्हतं, तरी हात मागे घेतला.

आठ तारीख. सकाळ.
आग्नेय, दोन. दिवा विझवला.
वेळ सातची लिहिलीय,
साताला पट्टा नाही.